कडेचा निरोप्या

मित्रांनो, दुसरबीडच्या वावरात गोजरबाई वाकून मातीत एकेक सरकी टोबत होत्या, तो त्यांचा शेवटचा साधा दिवस. मी तिथेच होतो, त्यांच्या आतड्यातल्या एका पेशीत. मी एक जुना निरोप्या आहे. शास्त्रात मला प्रथिन म्हणतात. आमचे आयुष्य काही तासांचे. मी मात्र मेणात अडकलो आणि बारा वर्षे उरलो.

आमची जागा पेशीच्या कडेला. तिथे आम्ही शेजारच्या पेशीचा हात धरून ठेवतो. बाहेरून सांगावा आला तरच आत केंद्रकापर्यंत जायचे आणि ‘वाढा’ एवढेच सांगायचे. विनाकारण आत रेंगाळणाऱ्या निरोप्याला पेशी मोडून टाकते. गोजरबाईंनी बासष्ट वर्षे भाकरी खाल्ली, ओझी उचलली. आमचे कुणी नाव घेतले नाही. याहून मोठी शाबासकी आम्हाला मिळत नाही.

मग त्या पेशीतली मोडणीच बिघडली. न बोलावता आम्ही केंद्रकात साचलो आणि ‘वाढा, वाढा’ सांगत राहिलो.

वावरातल्या त्या दिवशी त्यांची लेक राखी सुटीवर आली होती. ती अकोल्याला तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. बीटी कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या सरकीची लहान पुडी येते. ती वावराच्या चारी कडांनी लावायची, म्हणजे बोंडअळीला राखीव कड मिळते आणि ती बीटीला सरावत नाही. बरेच जण ती फेकून देत. गोजरबाईंना बी फेकवत नसे. मधे जिथे उगवले नव्हते, तिथे त्या तेच टोबत होत्या.

“राखे, माह्या पोटात…” त्या म्हणाल्या.

“आधी हे सांग, कडेचं बी मधे का लावलंस? पाकिटावर चित्र आहे ना?”

“पाकिटावरच्या वावरात तूट पडत नाही बाई. माह्या वावरात पडते.”

राखी हसली नाही. अडाण्यासारखं करतेस, म्हणाली आणि दुपारची एसटी गाठायला निघाली.

तिसऱ्या दिवशी गोजरबाई कपाशीतच कोसळल्या. शस्त्रक्रियेत काढलेल्या आतड्याच्या तुकड्यासोबत मी तपासणीसाठी मेणात गेलो, मेणातून पातळ काप होऊन काचेवर आलो. शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी त्या गेल्या. मला तपकिरी रंग दिला गेला, कर्करोगाचा अहवाल लिहिला गेला, आणि मी खणात पडून राहिलो.

बारा वर्षांनी, काल राखीने मला मागून घेतले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. निरोगी भागात तपकिरी रेघ पेशींच्या कडेकडेने जाळीसारखी गेली होती. शेजारच्या गाठीत मात्र केंद्रकेच तपकिरी. दोन्हीकडे आम्हीच. तिने ते फार वेळ पाहिले.

मित्रांनो, मला वाईट म्हणण्याआधी मी कुठे आहे ते पाहा. आणि कुणी काम करता करता दुखण्याचे बोलू लागले, तर हातातले भांडण जरा खाली ठेवा.

राखीने डोळा भिंगावरून काढला नाही. घरची बोली कित्येक वर्षांत तिच्या तोंडी आली नव्हती.

“माय,” ती म्हणाली, “तुह्या पोटात काय होते, ते सांग. बियाचं मंग पाहू.”