दोन पसे मीठ

धाकू नाहीसा झाल्यामुळे त्याच्या थोरल्या भावाच्या, अंबाजीच्या, पदरात काय पडणार होतं ते आधी मांडू. नागावची धाकूच्या वाटणीची वाडी, पर्यटकांना द्यायच्या दोन खोल्या, विहीर आणि वर गावाची सहानुभूती. आडवी येत होती एकच बाब: धाकूची बायको सुचिता.

"न्हाव्याशेव्याला कामाला गेला नि तिकडंच दुसरा संसार थाटला," असं अंबाजी सांगे. गाव सुचिताला म्हणे, दिवस घाल, मोकळी हो. ती म्हणे, "माणूस दाखवा, मग पिंड ठेवते."

पोलीस ठाण्याची पायरी तिने सोडली नाही, तेव्हा कुठे न खणता जमिनीत बघणारं यंत्र आलं. बाबागाडीसारखं ढकलायचं, ते खाली लहरी सोडतं, आणि परतलेल्या लहरींचं चित्र पडद्यावर उमटतं. आधी खाडीकाठच्या शेतात फिरवलं. पडदा कोरा.

"खाऱ्या जमिनीत हे आंधळं होतं," यंत्रवाल्या प्रणाली मॅडम म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात वाडी बघू."

अंबाजीने ते नीट ऐकलं. हुशार माणूस, ऐकलेलं फुकट जाऊ देत नाही.

वाडीतल्या गोड वाळूत यंत्राला सगळं दिसलं: मुळं, जुना पाइप, फुटका रांजण. कोपऱ्यातल्या माडाच्या नव्या रोपाशी मात्र पडदा पुन्हा कोरा.

"मीठ हाय ते, मॅडम," अंबाजी हसला. "माड लावताना खड्ड्यात घालतातच. शहरात ठाऊक न्हाय."

"व्हय, घालतात," सुचिता म्हणाली. "पलीकडच्या रोपांना मीपण घातलंय. किती घालायचं, भावजी?"

"दोन पसे." अंबाजीने ओंजळ करून दाखवली.

"मॅडम, माझ्या रोपांशी किती कोरं दिसतं?"

"ताटाएवढं."

"नि इथं?"

प्रणालीने कोऱ्या जागेच्या कडेकडेने चुना टाकला. रेघ पुरी झाली तेव्हा मातीवर बाजेएवढी चौकट होती.

"माड लावलात का लोणचं घातलंत, भावजी?"



"घराची अब्रू चव्हाट्यावर आणतेस?" अंबाजी ओरडला.

"मी कुठं आणते? तुम्ही पुरलीत. खणा, साहेब."

पोलिसांनी खणलं. मिठाखाली माती, मातीखाली धाकूचा चांदीचा करगोटा, आणि धाकू.

आता कुणी काय भरलं? धाकूने सगळं आधीच भरलं होतं. अंबाजी तुरुंगात भरतोय. 'टाकलेली बाई' म्हणून सुचिताने जे ऐकून घेतलं ते परत मिळत नाही. तिने रीतसर दिवस घातले, सगळ्या गावाला जेवू घातलं. पानात मीठ तेवढं वाढलं नाही, डाळीतही घातलं नाही. मागायची कुणाची छाती झाली नाही. गावाच्या वाट्याला एवढंच आलं: एक अळणी जेवण.