सोमीचं कोलाज

त्र्याहत्तर साली अलिबागच्या शिक्षक शिबिरातून मी एकच नवा शब्द घेऊन परतलो. कोलाज. पोशीरच्या आमच्या शाळेला रंगपेट्या कधी मिळाल्या नाहीत, आणि मागून मागून माझी जीभ झिजली होती. म्हणून सातवीच्या पोरांना सांगून टाकलं, रंग गेले खड्ड्यात. घरात जे टाकून देता ते आणा, खळीनं पुठ्ठ्यावर चिकटवा आणि आपलं गाव करा.

पोरांनी भाताचा तूस आणला, चिंध्या, आगपेटीच्या काड्या, कोंबडीची पिसं आणली. एकानं अख्खी कोंबडीच आणली. तिला वर्गाबाहेर काढण्यात माझा अर्धा तास गेला.

सगळ्यांत जीव ओतून करत होती सोमी. तिचे वडील धर्माजी रेल्वेत गँगमन होते. सातवीनंतर तिला घरी बसवायचं त्यांनी पक्कं केलं होतं, कारण पुढची शाळा नेरळला. मी दोनदा घरी जाऊन डोकेफोड केली. "वाचाया येतं ना तिला? बास झालं, गुरुजी," एवढंच उत्तर. मला त्याचा राग आला होता, आणि तो मी लपवलाही नव्हता.

प्रदर्शनाच्या दिवशी धर्माजी धुतलेला सदरा घालून आले. बरोबर त्यांच्या गँगमधले सखा आणि गजा.

"गुरुजी, सातवीतच कालेज?" गजानं विचारलं. "ह्यो आठ दिस सांगत सुटलाय, माजी पोरगी कालेज करतीय. बायकोनं लुगड्याचा काठ फाडून दिला त्यासाठी."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण खोटं कसं बोलणार? म्हणालो, "कॉलेज नाही हो, कोलाज. हे असं चिकटवलेलं चित्र."

सखा-गजा पोट धरून हसायला लागले. धर्माजींचा चेहरा उतरला. आता हे पोरीला हाताला धरून घरी नेणार, अशी मला धास्ती वाटली. पण ते सोमीच्या पुठ्ठ्यासमोर जाऊन उभे राहिले. काड्यांचे रूळ होते. रुळांवर निळ्या चिंधीचा माणूस, दारात लुगड्याच्या काठाची बाई. रूळ जिथे संपत होते तिथे तांबड्या कागदाची मोठी इमारत.

"ही तुजी आय. ह्यो मी," ते म्हणाले. "तू कुटं हायेस गं?"

सोमीनं इमारतीवर बोट ठेवलं. "आत हाय. नेरळच्या शाळेत. भायेरून दिसत नाय."

धर्माजींनी त्या तांबड्या इमारतीवरून एकदा बोट फिरवलं. मग सोबत्यांकडे वळले.

"हसताय काय रं? खोटं नाय बोललो मी. जरा लवकर बोललो."

आणि माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "गुरुजी, तिचा दाखला कदी मिळंल?"