लास्ट बट नॉट द लीस्ट

लातूर जिल्हा झाला, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या विहिरी आटल्या. टँकर सुरू झाला. त्यावर देखरेखीला चंद्रप्पा साहेब आले. जिल्हा नवा, जीप नवी, साहेबांचं इंग्रजीही नवंच.

टँकर आधी चावडीपुढं थांबायचा, मग देवळापाशी, मग बाजारगल्लीत. आमच्या बौद्धवाड्यात शेवटी. तोवर तळाचा गाळ उरायचा. माझी बायको धुरपता तेच पाणी प्यायली आणि हगवणीनं गेली.

गुरुवारी तिच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे दिवसाच्या वंदनेला आणि जेवणाला, साठ माणसं येणार होती. तिच्या नावानं आलेल्या माणसाच्या पुढ्यात तसलं पाणी ठेवायचं नाही, एवढंच माझ्या मनात होतं. मी साहेबांकडं गेलो.

"साहेब, गुरुवारी तेवढा टँकर आधी आमच्याकडं धाडा."

"किशन, अरे तुम्ही लास्ट बट नॉट द लीस्ट!"

"म्हंजी काय?"

"म्हणजे नंबर शेवटचा, पण मान कमी नाही. मोठे लोक भाषणात म्हणतात."

"मान ऱ्हाऊ द्या साहेब. पाणी कमी हाय."

"इंग्रजीत तसा अर्थ निघत नाही," साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

मी शाळेतल्या निवृत्ती गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "अर्थ बरोबर सांगितला. ज्याचं नाव शेवटी घेतात, त्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणायचं असतं."

म्हणजे वाईट वाटण्यासारखं आहे, हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक असतं.

गुरुवारी सकाळी चावडीपुढं रांग लागायच्या आधी मी धुरपताची घागर तिथं नेऊन ठेवली. घागर ठेवली की नंबर धरला, अशी गावची रीत. माझं बघून वाड्यातल्या बायांनी मागं आपापल्या घागरी लावल्या. चाळीसेक झाल्या.

चावडीकडची माणसं आली आणि लांबच उभी राहिली. "कुणाच्या ह्या घागरी? उचला!" ओरडत सगळे होते, पण आमच्या घागरीला हात कोण लावणार? बाटायचं भ्या त्यांनाच.

तेवढ्यात साहेब आले. "बाजूला करा त्या!"

आमच्या वाड्यातली सरजाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमीच करा की साहेब. तुमी तर शिकल्याले."

साहेबांनी एकदा घागरीकडं बघितलं, एकदा गावाकडं. हात खिशातच राहिले.

"यांना आधी भरू द्या," ते पुटपुटले.

"आन् आमी?" चावडीवरचा एक जण खेकसला.

मी म्हणालो, "तुमी लास्ट. साहेबाला इचारा, मान कमी व्हत न्हाई म्हनं."

कुणी हसलं नाही. आमच्या बाया तेवढ्या हसल्या.

साठ माणसं जेवली, पोटभर पाणी प्याली. आमच्या बायांनी खेपा घालून वाड्यातले रांजणही भरले, चावडीला त्या दिवशी गाळ मिळाला. दुपारीच साहेबांची जीप तालुक्याला पळाली आणि शुक्रवारी गावात दुसरा टँकर आला.

एका दिवसात आला. मी ती घागर महिनाभर आधी ठेवायला पाहिजे होती.