हवेसकट सून

धूर वाढल्यापासून शहरातली माणसं घराबाहेर पडेनाशी झाली. माणसं चालत नाहीत म्हणून चपला झिजत नाहीत, आणि चपला झिजत नाहीत म्हणून चपलांचे दुकानदार सकाळी शटर वर करतात, मालावरची काजळी पुसतात आणि संध्याकाळी शटर खाली ओढतात. शेजारचा खेळणीवाला शहाणा. त्याने बाहुल्या काढून हवा शुद्ध करायची यंत्रं मांडली. त्याच्याकडे रांग असते. लोक आता बाकी काही घेत नाहीत, फक्त श्वास विकत घेतात.

एका चप्पलवाल्याने थोरल्या मुलीच्या लग्नात असं यंत्र दिलं होतं. त्याची जाळी सहा महिन्यांनी बदलावी लागते आणि ती माहेरून यावी लागते. थोरली ती आणायला आली, त्याला चार महिने झाले. जाळी काही परवडेना. सासरहून फोन येतो, तोही जाळीची खुशाली विचारायला.

रविवारी धाकटीला बघायला मंडळी आली. मास्क काढल्यावर मुलगा कोणता ते कळलं.

"आम्हाला देणंघेणं काही नको बरं का," मुलाची आई म्हणाली. "फक्त मुलगी आणि हवा."

"मोठं मॉडेल," मुलाच्या मामांनी पुस्ती जोडली.

"यंत्र कुठे ठेवणार?" धाकटीने विचारलं.

"आमच्या खोलीत. ह्यांना दमा आहे ना."

"आणि मी?"

"तू ये की. चहा घेऊन ये. फक्त दार लगेच ओढून घेत जा, घाण आत येते."

"आतून की बाहेरून?"

स्वयंपाकघरातून थोरली खोकत बाहेर आली.

"बाहेरून," ती म्हणाली. "मी दोन वर्षं ओढून घेत होते. यंत्र चांगलं असतं. बाहेर आवाजसुद्धा येत नाही."

"मग काकू, तुम्ही नुसतं यंत्रच न्या," धाकटी म्हणाली. "शेजारी मिळतं. मी नाही येत."

मामा चप्पलवाल्याकडे वळले. "अहो, समजवा तिला."

तो उठला. उंबऱ्याबाहेर पाहुण्यांच्या चपला विस्कटून पडल्या होत्या. त्याने त्या सवयीने जोडीजोडीने लावल्या, तोंडं रस्त्याकडे करून. तळ अगदी कोरे होते.

"चालत जा," तो म्हणाला. "तेवढ्याच झिजतील."

मंडळी गेली. थोरलीने सासरी फोन लावून सांगितलं, जाळी येणार नाही, आणि मीही.

वाचकहो, तुमच्याकडे असं यंत्र असेल तर जरा उठा. आत्ता दाराबाहेर कोण आहे, एवढं बघून या.