नळीचे दुसरे टोक

मी एक जुनी कुदळ आहे. मित्रांनो, आज मी रागाने बोलणार आहे, तेवढे ऐकून घ्या.

लोहाराने मला घडवले आणि टेकडीवरच्या जंगलात वाऱ्याने पडलेल्या फांदीचा दांडा बसवला. माझी मालकीण आणि तिचा नवरा त्याच टेकडीच्या उतारावर कसावा लावत. कसावा म्हणजे जमिनीखाली वाढणारा पिठूळ कंद. तो काढताना माती उकरावीच लागते, म्हणून उतारावर फार जपावे लागते. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीचे एक टोक मालकीण धरी, दुसरे नवरा. दोन्हीकडे पाणी सारखे दिसले, म्हणजे दोन्ही जागा एकाच उंचीवर आल्या, की तिथे खुंट्या ठोकायच्या आणि त्या रेषेत मी उताराला आडवी सरी काढायची, म्हणजे पावसाचे पाणी माती घेऊन खाली धावत नाही. मध्ये चवळी लावायची, वर कसाव्याचाच पाला पसरायचा. बारा वर्षे पीक आले. एकही झाड तोडावे लागले नाही. "सरी काढावी तर या कुदळीनेच," असे शेजारी म्हणत.

मालकीण तापाने गेली. नवऱ्याने नळी छपरात खोचून ठेवली. दुसरे टोक धरायला माणूस नाही, म्हणून त्याने माझ्याकडून उभ्या सऱ्या काढून घेतल्या, वरून थेट खाली! त्यांची लेक दारातच उभी होती. तिला एकदाही हाक मारली नाही. पालाही जाळून टाकला. तीन पावसाळ्यांत माती ओढ्यात गेली, कंद बोटाएवढे झाले, मला गंज चढला. आणि दोष कुणाला? जमिनीला!

एका सकाळी तो कुऱ्हाड घेऊन निघाला.

"कुठं निघालात, बाबा?"

"जंगलात. ही जमीन मेली. वरची साफ करतो."

"मेली नाही, तुम्ही मारलीत! नळी कुठंय?"

"तुझ्या आईचं टोक आहे ते. राहू दे."

"म्हणून तीन वर्षं धूळ खात ठेवलंत? आई असती तर त्याच नळीनं झोडपलं असतं तुम्हाला!"

तो मटकन उंबऱ्यावर बसला. हसला की रडला, मला कळले नाही. मग कुऱ्हाड ठेवून त्याने नळी काढली आणि एक टोक लेकीपुढे धरले.

त्या दिवशी आम्ही एकच आडवी सरी काढली. पुढच्या पावसात तिच्यापाशी चार बोटे माती अडली. बाकीची गेली ती गेलीच. माझा राग अजून उतरलेला नाही.

मित्रांनो, नवी जमीन हवी म्हणून कुणी झाडांकडे बघू लागले, तर आधी विचारा, जुन्या जमिनीचे काय केलेत? आणि दुसरे टोक धरायला हाक येण्याची वाट पाहू नका. जाऊन धरा.