बापसाचा कोंबडा

चंपाचा हात प्लास्टरात होता, तरी तिला घोर लागला होता तो फौजदाराचा. फौजदार म्हणजे तिचा कोंबडा. घरात नवऱ्याचा आवाज चढला की हा पठ्ठ्या पंख फुलवून थेट त्याच्या पोटरीवर जायचा. मंडणगडच्या त्या अख्ख्या वाडीत अनिलला अडवणारा तो एकटाच, आता बोला!

चंपा पळून रत्नागिरीला माहेरी आली, तर मागोमाग अनिलचा फोन. "रविवारपर्यंत परत ये. नायतर त्या दिवशी वाडीच्या राखणेला राखणदार देवासमोर तुजा फौजदार कापतो."

झालं! चंपा पिशवी भरायला लागली. मारहाणीचा तिचा अर्ज लिहून घ्यायला आलेल्या संरक्षण अधिकारी रेणुकाताईंनी कपाळावर हात मारला. "अगं, कोंबड्यासाठी मार खायला जातेस?"

"तो माझ्यासाठी लाथा खायचा, ताई," चंपा म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.

"दिला कुणी तो?"

"बाबांनी. लग्नात. पिल्लू होता तेव्हा."

"मग ते स्त्रीधन!" रेणुकाताईंनी कोंबडा अर्जात घातला. कोर्टात हसू पिकलं, पण हुकूम निघाला. चंपाच्या अंगाला हात लावायचा नाही, आणि शिलाई मशीन, भांडी, कोंबडा परत द्यायचा.

शनिवारी चंपा आणि रेणुकाताई पोलिसांच्या जीपमधून वाडीत आल्या. अनिल छाती काढून अंगणात उभा. "मशीन न्या. कोंबडा माजा, देवाला बोललेला हाय!"

टोपली घेऊन पुढे सरकलेली चंपा जागीच थांबली. देवाला बोललेल्याला हात कोण लावणार? हवालदारही टोपी काढून डोकं खाजवू लागला.

तोच सासू, येसूबाई, ओटीवरून कडाडली. लेकापुढे ती कधी तोंड उघडत नसे. "मेल्या, रोज सकाळी तूच हिच्यावर बोंबलायचास ना, 'तुज्या बापसाचा कोंबडा आवर' म्हणून? राखणेला घरचाच कोंबडा लागतो. दुसऱ्याचा कापलास तर राखणदार तुलाच धरील!"

"खरा हाय," जमलेली वाडी म्हणाली. अनिलचं तोंड एवढंसं झालं. फौजदार टोपलीत शिरला, पण जाताजाता पोटरीला शेवटची चोच मारूनच, बरं का!

चंपा सासूच्या पाया पडायला वाकली. तिला उठवताना येसूबाईचा पदर सरकला, आणि दंडावरचा काळानिळा वळ दिसला. 

येसूबाई रेणुकाताईंना हळूच म्हणाली, "बाय, कोंबडा कायद्यात बसतो, मग म्हातारी बसंल काय?"

"बसते, आजी."

येसूबाईने आत जाऊन चूल विझवली, आणि टोपली मांडीवर घेऊन जीपमध्ये बसली.