आंब्याचं लगन

माणसाला स्वर्ग मेल्यावरच मिळतो, हे शास्त्रवचन कन्हान नदीकाठचे मालगुजार मनोहरराव यांनी जिवंतपणी खोटं पाडायचं ठरवलं. तूर्त त्या स्वर्गात, म्हणजे वाड्यामागच्या जुन्या बागेत, एरंड माजला होता आणि धोब्याची दोन गाढवं लोळत होती.

"हे सारं साफ कर, नत्थू," नागपुरातल्या साहेबाचा बंगला पाहून आलेले मनोहरराव म्हाताऱ्या माळ्याला सांगत होते. "इथं हिरवळ, तिथं खुर्च्या, मधात फवारा. अन् विहीर बुजव."

"विहीर काहून, मालक?"

"विहीर म्हटली का गावच्या बाया येतेतच. हे आता प्रायव्हेट हाय गा."

प्रायव्हेट ही कोणत्या झाडाची जात, हे नत्थूजींनी विचारलं नाही. पौषात बायको सुभद्रा गेली, तेव्हापासून त्यांचं विचारणं आटलं होतं. करपलेली भाकर ते करपलेली म्हणून खात नसत, नुसती खात.

विहिरीजवळचा आंबा सुभद्रेनं लावलेला. लावणाऱ्यानं आंब्याचं विहिरीशी लग्न लावल्याखेरीज त्याचं फळ चाखू नये, अशी रीत. "पुढच्या वैशाखात लावू," असं बारा वर्षं चाललं. गावानं आंबे चोरून खाल्ले. सुभद्रा न चाखताच गेली.

नत्थूजींनी टोपलीटोपलीनं विहीर बुजवली. आंबा तेवढा खुर्च्यांच्या सावलीसाठी वाचला.

वैशाखात फवारा उभा राहिला आणि फाटकाला कुलूप लागलं. दुसऱ्याच दिवशी नत्थूजी धुतलेलं धोतर नेसून, हातात हळदकुंकू आणि बाशिंग घेऊन मालकापुढे उभे राहिले.

"आंब्याचं लगन राह्यलं, मालक. तिचा शब्द होता."

"नवरी तं तूच बुजवली गा."

"हो जी. फवाऱ्याशी लावतो."

मनोहररावांनी गंभीरपणे विचार केला. "फवारा नर हाय."

"त्याची टाकी हाय नं जी."

यावर मालगुजारीत कायदा नव्हता. "लाव मंग."

"नवरीत पाणी पाह्यजे. तोटी सोडून पाहा."

मनोहररावांनी तोटी फिरवली. फवाऱ्यानं घसा खाकरला आणि एक मुंगळा बाहेर टाकला. दोघांनी विहिरीच्या जागेकडे पाहिलं. तिथली हिरवळ पिवळी पडत होती. फवाऱ्याची टाकी विहिरीच्याच पाण्यानं भरावी लागणार, हे नत्थूजींना पहिल्या टोपलीपासून ठाऊक होतं. कोणी विचारलं नव्हतं.

मनोहरराव खुर्चीत बसले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी माळ्याला 'जी' लावलं.

"नत्थूजी, नदीवरून दोन घागरी आणता का? एक नवरीले. एक मले, प्यायले."